पुडीचा भाव आणि पोत्याचा भाव

वाण्याच्या दुकानांत पोतेंभर तांदूळ घेणारास एक भाव आणि पुडी बांधून नेणारास दुसरा, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं कोणासही नवी नाहीं. ज्याच्या घरीं कोठी आहे व हातीं रोकड आहे, त्यानें सुगीला वर्षाची बेगमी करावी. ज्याची मजुरी रोजची रोज हातीं येते, त्यानें सायंकाळीं पुडी न्यावी, हा क्रम फार जुना आहे. पुडी बांधण्यास वाण्यास श्रम पडतात, कागद लागतो, मालांत तूट येते. सबब पुडीचा भाव थोडा चढा असल्यास त्यांत अन्याय आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्या मालास कागद लागत नाहीं, ज्यांत तूट येत नाहीं, जो मापण्यास माणूसही लागत नाहीं, त्याच्याही पुडीचा भाव कितीतरी चढा असावा काय? हा प्रश्न गेल्या कांहीं वर्षांत दक्षिण आफ्रिकेंत उभा राहिला व बऱ्याच अंशीं सुटलाही. त्याची हकीकत आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा माल म्हणजे मोबाइलवरचा डेटा होय. तेथें त्याचें महत्त्व काय, हें समजण्यास थोडें मागें जावें लागेल. वर्णभेदाच्या राजवटींत तारेचे टेलिफोन घरोघर पोंचले ते मुख्यतः गोऱ्यांच्या वस्त्यांत. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांस ते अभावानेंच मिळाले. १९९४ सालीं ती राजवट गेली, नेल्सन मंडेला अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षीं व्होडाकॉम व एमटीएन या दोन कंपन्यांनीं मोबाइल-सेवा सुरू केली. असंख्य कुटुंबांत आलेला पहिला टेलिफोन तो हाच. आजही तेथील बहुसंख्य लोक प्रीपेड पद्धतीनें, म्हणजे आगाऊ पैसे भरून, खिशांत असेल तेवढ्याचाच डेटा घेतात. नोकरीचा अर्ज, विद्यार्थ्याचा पाठ, सरकारी दाखला, सर्व कांहीं त्याच वाटेनें जातें. शिवाय तेथें बेकारीचें अधिकृत प्रमाण कित्येक वर्षें शेंकडा ३० च्या वर राहिलें आहे. नोकरी नाहीं म्हणून पैसे नाहींत, पैसे नाहींत म्हणून डेटा नाहीं, आणि डेटा नाहीं म्हणून नोकरीचा अर्ज नाहीं, असें हें रहाटगाडगें आहे. गरजवंतास अक्कल नसते अशी म्हण आहे खरी. पण आमच्या मतें त्यास अक्कल असते, नसते ती निवड.

कोणी म्हणेल, दुकानें वाढलीं कीं भाव आपोआप उतरतात. दक्षिण आफ्रिकेंत दुकानें वाढलीं. २००१ सालीं सेल-सी ही तिसरी कंपनी आली. २०१० सालीं टेलकॉम या जुन्या टेलिफोन कंपनीनें आपली मोबाइल-शाखा उघडली. नोव्हेंबर २००६ पासून नंबर न बदलतां कंपनी बदलण्याची मुभाही ग्राहकास मिळाली. तरीही बहुतेक गिऱ्हाईक पहिल्या दोन कंपन्यांकडेच राहिलें आणि भाव चढेच राहिले. याचें कारण असें कीं, हा धंदा कोपऱ्यावरच्या दुकानासारखा नाहीं. देशभर हजारों मनोरे उभारावे लागतात, आणि ज्या लहरींवरून संदेश जातात त्यांचे पट्टे, ज्यांस स्पेक्ट्रम म्हणतात, ते सरकारकडून मिळवावे लागतात. मागून येणारास पुष्कळदां पुढच्याचेच मनोरे भाड्यानें घ्यावे लागतात. ज्याच्याशीं चढाओढ करावयाची त्याच्याच गाडींतून आपला माल न्यावयाचा, आणि भाडें ठरविणार तोच! सेल-सी कंपनी कर्जानें इतकी जेरीस आली कीं, २०२३ पर्यंत तिनें स्वतःचे मनोरे बंद करून प्रतिस्पर्ध्यांच्या जाळ्यावर आपला कारभार नेला. आपल्या मुंबईच्या टाटा कम्युनिकेशन्सनेंही त्या देशांत निओटेल या कंपनींत भांडवल घालून टेलकॉमच्या जुन्या मक्तेदारीशीं झुंज घेतली. शेवटीं २०१७ सालीं ती कंपनी विकून टाटा तेथून बाहेर पडले.

या अंधारांत एक उदाहरण मात्र बोलकें आहे. २०१८ सालीं रेन नांवाची नवी कंपनी आली व तिनें ५० रँडांस १ गिगाबाइट असा एकच भाव लाविला. एक मेगाबाइट घ्या किंवा हजार घ्या, दर मेगाबाइटला ५ सेंट! पुडीस आणि पोत्यास एकच माप. त्याच सुमारास व्होडाकॉमकडे ३० दिवसांच्या मुदतीचा १ गिगाबाइट १४९ रँडांस पडत असे. रेनचें जाळें मुख्यत्वें शहरांत होतें, म्हणून खेड्यांतील गरिबास तिचा उपयोग थोडा; परंतु पुडीचा भाव चढा ठेवणें हा कांहीं सृष्टिनियम नव्हे, एवढें तिनें सिद्ध केलें.

दरम्यान लोकांचा संताप वाढत होता. २०१६ सालीं 'डेटा मस्ट फॉल', म्हणजे डेटाचे भाव उतरलेच पाहिजेत, ही चळवळ उठली व तिची तक्रार पार्लमेंटच्या समितीपर्यंत गेली. ऑगस्ट २०१७ मध्यें तेथील स्पर्धा आयोगानें चौकशी आरंभिली आणि २ डिसेंबर २०१९ रोजीं अंतिम अहवाल दिला. त्यांतील निष्कर्ष असे: थोडा डेटा घेणारा गरीब ग्राहक दर मेगाबाइटला श्रीमंतापेक्षां पुष्कळच अधिक पैसे मोजतो, या दोन बड्या कंपन्या आफ्रिकेंतील ज्या इतर देशांत धंदा करतात, त्यांपैकीं बहुतेकांपेक्षां मायदेशींच त्यांचे भाव चढे आहेत, आणि भाव शेंकडा ३० ते ५० नें उतरविण्यास जागा आहे. कंपन्यांचें म्हणणें असें कीं, गरिबासाठीं आम्ही तासाचे व दिवसाचे स्वस्त पॅक ठेविले आहेत. आयोगास हें पटलें नाहीं. कारण एका तासांत संपणारा डेटा आणि महिनाभर पुरवून वापरावयाचा डेटा हा एकच माल नव्हे. भाकरी स्वस्त दिली, पण ती घटकेभरांत खाल्लीच पाहिजे अशी अट घातली, तर तिला स्वस्ताई म्हणावें काय?

परिणाम लवकर दिसले. एप्रिल २०२० पासून व्होडाकॉम व एमटीएन या दोघांनीं १ गिगाबाइटचा मासिक भाव १४९ रँडांवरून ९९ वर आणिला. पुढील वर्षीं व्होडाकॉमनें तो ८५ केला. नोकरी शोधण्याचीं कांहीं संकेतस्थळें डेटा न खर्चतां पाहण्याची सोयही झाली. त्याआधीं, मार्च २०१९ पासून, इकासा या दळणवळण-नियामक संस्थेनें आणखी एक नियम अमलांत आणिला होता. उरलेला डेटा पुढें नेण्याची किंवा दुसऱ्यास देण्याची सोय ग्राहकास द्यावी. निम्मा, शेंकडा ८० व सगळा संपतांना त्यास सूचना द्यावी. आणि पॅक संपल्यावर त्याच्या संमतीवांचून चढ्या सुट्या दरानें आकार लावूं नये. गृहिणीस हिशेबाचें मोल सांगावयास नको. उरलेलें दूध विरजणास लावतां येतें, मग उरलेला डेटाच वाया कां जावा?

आतां कंपन्यांचीही बाजू ऐकली पाहिजे; एकाच पक्षाचें ऐकून निवाडा करणें बरें नव्हे. त्यांचें गाऱ्हाणें असें कीं, सरकारनें नवे लहरींचे पट्टे वर्षानुवर्षें दिलेच नाहींत, त्यामुळें मनोरे अधिक बांधावे लागले व खर्च वाढला. यांत तथ्य होतें. दूरदर्शनचें जुनें प्रक्षेपण बंद करून त्याचे पट्टे मोकळे करण्याची जून २०१५ ची मुदत उलटून गेली, आणि पट्ट्यांचा मोठा लिलाव झाला तो थेट मार्च २०२२ मध्यें. त्यांतून सुमारें १,४४० कोटी रँड जमा झाले. वीजटंचाईच्या दिवसांत मनोरे बॅटऱ्यांवर व डिझेलवर चालवावे लागले, तोही भार लहान नव्हता. म्हणजे सरकारची दिरंगाई आणि व्यापाऱ्याचा लोभ या दोहोंच्या जात्यांत गरीब ग्राहक भरडला गेला.

आम्हांस यांतून दिसतें तें इतकेंच. केवळ दुकानांची संख्या वाढविल्यानें स्पर्धा होत नाहीं. नवख्यास रस्ता मोकळा हवा, ग्राहकास दुकान बदलतां यावें, आणि मापाकडे पाहणारा कोणी अधिकारी असावा. या तिन्हींवांचून बाजारांत मात्स्यन्यायच चालतो. ही दृष्टि पाश्चात्यांकडून उसनी घ्यावयास नको. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत वजनमापांवर देखरेख ठेवणारा पौतवाध्यक्ष सांगितला आहे, आणि एकजूट करून माल अडविणाऱ्या किंवा अवाजवी भावानें विकणाऱ्या व्यापाऱ्यांस १००० पणांचा दंड सांगितला आहे.

आपल्या देशांत २०१६ सालीं जिओ कंपनी आल्यावर डेटा इतका स्वस्त झाला कीं, हा प्रश्न आपला नव्हेच असें पुष्कळांस वाटूं लागलें. परंतु त्या चढाओढींत कित्येक कंपन्या बुडाल्या वा विलीन झाल्या. आतां तीन खासगी आणि सरकारी बीएसएनएल एवढ्याच मोठ्या उरल्या आहेत, व जुलै २०२४ मध्यें तिन्ही खासगी कंपन्यांनीं दोनच दिवसांत भाव वाढविले. पॅकचा 'महिना' २८ दिवसांचा असला कीं वर्षाचे बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात, हें गणित घरांतील मुलांकडून एकदां करवून घ्यावें. निदान एक पॅक ३० दिवसांचा ठेवा असें ट्रायला २०२२ सालीं सांगावें लागलें. ज्या वृद्धांस केवळ बोलावयाचें आहे त्यांच्यावर डेटाचे पैसे लादूं नयेत म्हणून डेटाविरहित पॅक ठेवण्याचा नियमही ट्रायनें डिसेंबर २०२४ मध्यें केला. आपल्या आजीच्या फोनमध्यें कोणता पॅक आहे, हें वाचकांनीं अवश्य पाहावें.

आणि एक विनंति. आपल्या घरीं धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाईस अल्प मुदतीचा लहान पॅक पुनःपुन्हां घ्यावा लागतो काय, हें सहज विचारावें. तसें असेल तर तीन महिन्यांचे पैसे एकदम पुढें द्यावे व पगारांतून थोडेथोडे वळते करून घ्यावे. तिच्या मुलास परीक्षेच्या दिवसांत आपल्या घरच्या वायफायवर बसूं द्यावें. याला आयोग लागत नाहीं, अहवालही लागत नाहीं.