आधी घरच्या डीव्हीडी, मग सिनेमाच्या

घरातल्या डीव्हीडी संगणकावर उतरवून घ्यायचं ठरलं की बहुतेक जण कपाटातल्या सिनेमांपासून सुरुवात करतात. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. पहिला मान लग्न, मुंज, बारसं, आजोबांची पंचाहत्तरी आणि शाळेच्या गॅदरिंगमधलं मुलांचं नाटक यांचा. सिनेमे शेवटी.

याचं कारण डिस्कच्या घडणीत आहे. सिनेमाची डिस्क कारखान्यात साच्यातून निघते, तिच्यावरच्या खुणा प्लॅस्टिकमध्येच उमटलेल्या असतात. लग्नानंतर स्टुडिओवाल्याने हातात ठेवलेली डीव्हीडी-आर वेगळी. तिच्यात सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि लेझरने त्याच्यावर खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवेने हा थर हळूहळू बिघडत जातो. वरून डिस्क चकचकीत दिसते, पण आतलं चित्र तुटायला लागलेलं असतं. शिवाय सिनेमाची दुसरी प्रत कुठे ना कुठे मिळू शकते, तुमच्या मुंजीची मिळणार नाही.

शंभरएक डिस्क एकेक करून हाताने उतरवणं मात्र कुणाच्यानेच होत नाही. दहा-बारा झाल्या की उत्साह संपतो आणि खोका पुन्हा माळ्यावर जातो. म्हणून हे काम यंत्राकडे सोपवावं, हे मी आग्रहाने सांगतो. लिनक्सवर चालणारी 'ऑटोमॅटिक रिपिंग मशीन' नावाची मोफत प्रणाली आहे. ड्राइव्हमध्ये डिस्क गेली की ती स्वतःहून जागी होते, डिस्क ओळखायचा प्रयत्न करते, 'मेकएमकेव्ही'कडून चित्रफिती बाहेर काढून घेते, डिस्क बाहेर ढकलते आणि मग 'हँडब्रेक'कडून त्या फितींचा आकार कमी करून घेते. घरातल्या कुणीही जाता-येता पुढची डिस्क आत सरकवावी, एवढंच काम उरतं.

पण ही सगळी रचना सिनेमे डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे, आणि घरच्या डिस्कचं नुकसान इथेच होतं. या प्रणालीच्या मूळ मांडणीत 600 सेकंदांपेक्षा लहान चित्रफिती वगळल्या जातात. सिनेमाच्या डिस्कवर दहा मिनिटांहून छोटं जे असतं ते बहुधा जाहिरात किंवा मेन्यूची चित्रं असतात, त्यामुळे तिथे हे ठीकच आहे. घरच्या डिस्कवर मात्र चार मिनिटांची फीत म्हणजे आजीने घेतलेला उखाणा असू शकतो. तोच वगळला जातो आणि काही राहून गेल्याचा पत्ताही लागत नाही. 'फक्त मुख्य चित्रपट घ्या' हा पर्याय निवडला तर सर्वांत लांब फीत तेवढी उरते, हळद आणि सीमांतपूजन गायब. म्हणून घरच्या डिस्कसाठी वेळेची ही मर्यादा शून्यावर आणा आणि मुख्य चित्रपटाचा पर्याय बंद ठेवा.

दुसरी गोष्ट, आकार कमी करायची घाई नको. आधी डिस्कची जशीच्या तशी पूर्ण प्रत, म्हणजे आयएसओ फाइल, करून घ्या. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीचं चित्र मुळातच 720 बाय 576 ठिपक्यांचं. त्यातही कॅमेऱ्याचं चित्रण एकाआड एक ओळींनी नोंदलेलं असतं. त्या ओळी चुकीच्या रीतीने जुळवून फाइल लहान केली, तर हलत्या हातांच्या कडा दातेरी होऊन बसतात आणि मूळ डिस्क तोवर गेली असेल तर त्यावर इलाज राहत नाही. जागेची सबब आता चालणार नाही. एका थराच्या डिस्कवर जास्तीत जास्त 4.7 जीबी मावतं, म्हणजे अशा 200 डिस्क एक टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये बसतात. ओरखडे पडलेल्या डिस्कसाठी 'डीडीरेस्क्यू' हे सॉफ्टवेअर वापरा. ते आधी वाचता येणारा भाग उचलतं आणि अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा फिरून येतं.

सिनेमांबद्दल थोडक्यात. 2007 मध्ये मोझर बेअर कंपनीने सिनेमाची डीव्हीडी 34 रुपयांत आणली आणि मध्यमवर्गीय घरांतली कपाटं भरली. त्यातले पुष्कळ सिनेमे आज अन्यत्र पाहता येतात. जुन्या मराठी नाटकांची चित्रणं मात्र तशी सहज सापडत नाहीत, ती आधी काढा. विकत आणलेल्या बऱ्याच डिस्कवर डिजिटल कुलूप असतं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा 2012 च्या दुरुस्तीपासून आपल्या कॉपीराइट कायद्यात गुन्हा आहे. त्या प्रती कुणाला वाटू नका. घरच्या डिस्कना हा अडथळा नसतो.

एक काम मात्र कोणतंही यंत्र करणार नाही. सिनेमाचं नाव ते माहितीच्या साठ्यातून शोधतं. तुमच्या काकूच्या डोहाळजेवणाची नोंद अशा कुठल्याच साठ्यात नाही. फाइलला वर्ष, प्रसंग आणि गाव असं नाव तुम्हीच द्यायचं. पंगतीत वाढणारा तो फेटेवाला कोण, हे सांगू शकणारी माणसं घरात आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसून नावं लिहून घ्या आणि ती यादी फाइलशेजारीच ठेवा.

एक प्रत घरी असू द्या, दुसरी परगावी बहीण-भावाकडे. आणि येत्या रविवारी खोक्यातून फक्त हाताने नावं लिहिलेल्या डिस्क वेगळ्या काढा. काम तिथून सुरू करा.