शीव आणि रकाना

गोंदिया सोडले की रावणवाडी मागे पडते, रजेगावजवळ बाघ नदीचा पूल लागतो आणि पुलापलीकडे मध्य प्रदेश सुरू होतो. यंदा पाऊस ओसरल्यावर या रस्त्याने मी एकटाच गाडी घेऊन निघालो, बालाघाटवरून पुढे बैहरपर्यंत. शेजारी बोलायला कोणी नसले की मन आपलेच घोडे दामटते, आणि हल्ली ते फिरून फिरून दोनच ठाण्यांवर येऊन थांबते : धर्म आणि देश. या दोन शब्दांचा गदारोळ घरात, कचेरीत, मोबाइलवर इतका झाला आहे की त्यांच्याविषयी धड विचार करायला माणसाला जिल्ह्याबाहेर जावे लागते.

बालाघाट त्यासाठी सोयीचा. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनीचे तुकडे जोडून इंग्रजांनी हा जिल्हा केला. १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट भोपाळच्या पदरात पडला. सरकारी कागद भोपाळला, खटले जबलपूरला जाऊ लागले. सोयरिकी, दवाखाने आणि लग्नाचा बस्ता मात्र गोंदिया-नागपूरकडेच राहिला. भरवेलीच्या भूमिगत खाणीतून मँगनीज काढणाऱ्या ‘मॉयल’चे मुख्यालय आजही नागपुरात आहे. पोवारांची पोवारी बोली बाघ नदीच्या दोन्ही काठांवर ऐकू येते आणि जनगणना तिला हिंदीच्या खात्यात टाकते. सीमाभाग म्हटला की आपल्या तोंडी बेळगाव-कारवार येते, बालाघाट येत नाही. इथल्या माणसाला त्याचे फारसे दुःख नसावे. चिन्नोर तांदूळ पिकवावा, दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईला जावे, असा त्याचा क्रम.

बालाघाट शहर सुटले, भरवेली मागे पडली की घाट चढायला लागतो. वर उकवा, मग बैहरचे पठार, साल आणि बांबूचे रान, आणि बैगा आदिवासींची गावे. बैगा संख्येने थोडे आणि गरीब. तरीही गोंडांच्या गावात पेरणीआधीची बिदरीची पूजा बैगाच करतो, ठाकुरदेवाला आणि खेरमाईला तोच आळवतो. या मातीवर पहिला आला तो, म्हणून मातीचा पुजारीही तोच. इंग्रजी अमदानीतल्या अधिकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे : दोन गावांत शिवेचा तंटा झाला तर बैगा दाखवील ती शीव दोघेही मानत. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनने १९३९ च्या आपल्या बैगांवरच्या ग्रंथात सांगितले की धरतीमायच्या छातीवर नांगर चालवणे बैगांना पाप वाटे. म्हणून ते जंगल जाळून राखेत बी टाकत. त्या बेवर शेतीवर वनखात्याने बंदी आणली. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची, त्याच्या पायाखालची जमीन सरकारी राखीव जंगल झाली.

या पठाराला देश भेटला तो असा : आधी वनरक्षक, मग मलाजखंडची तांब्याची प्रचंड खाण, मग पोलिसांचे तळ. नक्षलवाद्यांनीही काही न्याय दिला नाही. डिसेंबर १९९९ मध्ये त्यांनी राज्याचे मंत्री लिखीराम कावरे यांना किरनापूर भागातल्या त्यांच्याच गावात मारले. सरकार आणि नक्षलवादी या दोघांच्या मधे राहिलेल्या माणसाला देशभक्ती शिकवायला जाण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न मला घाटात सुचला आणि अजून सुटलेला नाही.

त्याच माणसाला आता धर्मही विचारला जातो. जिल्ह्याच्या दक्षिणेला, आपल्या सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या गुहा आहेत. माघी पौर्णिमेला मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड तिथे आपल्या पूर्वजांच्या ठाण्याला येतात. कोणत्या राज्यातून आलात हे तिथे महत्त्वाचे नाही, गोत्र महत्त्वाचे. जनगणनेच्या नमुन्यात मात्र सहा धर्म आणि सातवा ‘इतर’. इंग्रजांच्या जनगणनांत आदिवासींच्या श्रद्धेची वेगळी नोंद होई. नाव दर वेळी बदले, पण नोंद होई. स्वातंत्र्यानंतर ती ‘इतर’मध्ये गेली. २०११ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांनी त्या ‘इतर’मध्ये आपला धर्म गोंड किंवा गोंडी असा लिहवून घेतला. स्वतःला हिंदू म्हणवणारे गोंडही पुष्कळ आहेत, ख्रिस्ती झालेलेही आहेत; त्यांनी तसे लिहावे. कोणी काय लिहावे हे मात्र नागपुरातून, दिल्लीतून किंवा आमच्यासारख्या संपादकाच्या खुर्चीतून ठरू नये. आदिवासी धर्माला वेगळा रकाना दिला तर देश फुटेल ही भीती मला पटत नाही. राज्याची हद्द सत्तर वर्षांपूर्वी मधून गेली, तरी हा मुलूख फुटला नाही.

पुढची जनगणना २०२७ मध्ये आहे. तिच्या नमुन्यात आदिवासी धर्माचा स्वतंत्र रकाना असावा, असे या अंकाचे स्पष्ट मत आहे. ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी जरूर लिहावे, पत्रे छापू.