रेकीनंतरची अस्वस्थता : जमा की नावे?

जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत, मंचर वा नारायणगावच्या पेठेत दिवसभर गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्यास पाठदुखी आणि निद्रानाश नवे नाहीत. त्यावर कोणी रेकीही घेतात. मिकाओ उसुई यांनी जपानमध्ये १९२२ साली ही हस्तस्पर्शाची पद्धत सुरू केली. त्यानंतर डोके दुखले, थकवा आला, तर ‘शरीरातील दोष बाहेर पडत आहेत’ असे पुष्कळदा सांगितले जाते.

लेप्टोसारख्या आजारात प्रतिजैविक दिल्यावर काही तासांत थंडी-ताप वाढू शकतो, हे खरे. परंतु तेथे मरणारे जिवाणू हे कारण ज्ञात आहे आणि तो ताप साधारणतः दिवसभरात ओसरतो. रेकीबाबत असे कोणतेही कारण सिद्ध झालेले नाही. बरे वाटले तर गुण, बिघडले तरी गुण! ज्या वहीत प्रत्येक रक्कम जमेकडेच पडते, तिचा ताळेबंद कोणता व्यापारी मान्य करील?

शांत पडून राहिल्याने विसावा मिळत असेल, तर तो अवश्य घ्यावा. मात्र मधुमेह वा रक्तदाबाची औषधे स्वतःहून थांबवू नयेत. त्रास टिकला तर डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखणे, धाप लागणे वा शुद्ध हरपणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘दोष’ बाहेर पडण्याची वाट पाहत दवडलेला तास कोणत्याही वहीत परत जमा होत नाही.