सायकलवाल्यांना मूर्ती विकायला जाऊ नका

मुंबईकडून सायकलने कोकणात निघालेले ग्रुप पेणवरून वडखळ, नागोठणे करत पुढे जातात. काही जण नागोठण्याहून वळून भिसे खिंडीतून रोह्याला. पेणची गणेशमूर्ती कितीही देखणी असली तरी सायकलवर कोण नेणार? पोह्याचे पापडही बॅगेत चुरा होणार. या गिऱ्हाइकाला पाणी, केळी, कोकम सरबत, सावली हवी. आणि स्वच्छ टॉयलेट! ग्रुपमध्ये महिला असतील तर आयोजक आधी तेच विचारतो.

माझं स्पष्ट मत, यासाठी गाळा घेऊ नका. हे गिऱ्हाईक मुख्यतः थंडीतल्या शनिवार-रविवारचं, भाडं मात्र बारा महिने. रोह्याच्या बाजूला घर असेल तर ओटीवरच सुरू करा. आयोजकाशी आधी बोला, माणसं मोजून ॲडव्हान्स घ्या. 20 जण, 80 रुपये प्लेट, म्हणजे 1600 चा गल्ला. पण सगळे एकदम येत नाहीत बरं का! खिंड चढून पहिला आणि शेवटचा पोचेपर्यंत तासभर सहज जातो. म्हणून पोहे थोडे थोडे फोडणीला टाका, मागच्यालाही गरम मिळू दे. हवेचा पंप ठेवा, त्याचे पैसे मागू नका. पापडांची ऑर्डर प्लेट देतानाच घ्या आणि ग्रुपच्या सामानाच्या गाडीत चढवा.