ऑपेराचा कारभारी

ऑपेराचा इतिहास सांगताना संगीतकारांची आणि गायकांची नावे आपण आदराने घेतो. परंतु ज्याला रंगमंचावर स्वतः एक सूरही लावायचा नसतो, आणि तरीही कोणी गावे, काय गावे आणि कोणाची वर्णीच लागू नये या साऱ्याचा निकाल ज्याच्या दफ्तरात लागतो, त्या संचालकाची योग्यता मात्र आपण गल्ल्यावरून आणि त्याने जमवलेल्या नामवंतांच्या संख्येवरून ठरवून मोकळे होतो. हे माप मला अपुरे वाटते. हाती आलेल्या मुखत्यारीचा विनियोग त्याने कोणासाठी केला, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा कारभार १९५० ते १९७२ अशी बावीस वर्षे पाहणाऱ्या रुडॉल्फ बिंग यांची कारकीर्द या कसोटीवर तपासण्याजोगी आहे.

बिंग यांचा जन्म १९०२ सालचा, व्हिएन्नाचा. जर्मनीतील नाट्यगृहांत व्यवस्थापनाची उमेदवारी करीत असतानाच १९३३ साली नाझी सत्तारूढ झाले आणि ज्यू कुळात जन्मलेल्या बिंग यांना तो देश सोडावा लागला. इंग्लंडात ग्लाइंडबोर्नच्या ऑपेरागृहाची व्यवस्था त्यांनी सांभाळली. महायुद्धामुळे तेथील प्रयोग थांबले तेव्हा लंडनमधील एका मोठ्या दुकानात नोकरी केली. आणि युद्ध संपल्यावर १९४७ च्या पहिल्या एडिंबरा महोत्सवाची उभारणी केली. न्यूयॉर्कला जी जुनी वास्तू त्यांच्या ताब्यात आली, तिच्या रंगमंचामागे इतकी अडचण होती की, पाऊस असो वा बर्फ, नेपथ्याचे अजस्र पडदे आणि चौकटी मागल्या रस्त्यावर भिंतीला टेकवून ठेवाव्या लागत. परंतु १८८३ साली उघडलेल्या या भव्य गृहात एकाही कृष्णवर्णीय गायकाला स्वतंत्र भूमिका मिळालेली नव्हती, ही तेथील खरी कोंडी होती. असा मज्जाव चालू ठेवण्यास कोणाला हुकूम काढावा लागत नाही. करारनामा पुढे न करणे एवढे पुरेसे असते.

बिंग यांनी तो करारनामा पुढे केला. १९५१ मध्ये जॅनेट कॉलिन्स ही कृष्णवर्णीय नर्तकी नृत्यसंचात आली, आणि ७ जानेवारी १९५५ रोजी व्हेर्दीच्या 'उन बाल्लो इन मास्केरा'मध्ये कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन यांनी उल्रिका या भविष्यवेत्तीची भूमिका केली. दुसऱ्या प्रवेशाचा पडदा वर गेला तेव्हा त्या कढईतला काढा ढवळीत उभ्या होत्या, आणि त्यांच्या कंठातून पहिला स्वर निघण्यापूर्वीच प्रेक्षागृहात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की त्यांचे सारे अंग ताठरून गेले. त्यांचे वय तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. आवाजाचा ऐन बहर ओसरला होता. पूर्वीच्या कारभाऱ्यांच्या दिरंगाईने कलेचे जे नुकसान केले, त्याची भरपाई बिंग यांनाही करता येण्याजोगी नव्हती. मात्र उघडलेला दरवाजा त्यांनी पुन्हा लोटून घेतला नाही. त्याच महिन्यात कृष्णवर्णीय गायक रॉबर्ट मॅकफेरिन आले, १९६१ मध्ये कृष्णवर्णीय गायिका लिओन्टिन प्राइस आल्या, आणि १९६६ साली लिंकन सेंटरमधील नव्या वास्तूचे उद्घाटन झाले ते प्राइस यांच्या क्लिओपात्राच्या भूमिकेने.

या कारभाराची दुसरी बाजू लपवण्याचे कारण नाही. १९५८ मध्ये भूमिकांचा क्रम आणि तारखा यांवरून विख्यात गायिका मारिया कॅलास यांच्याशी वाद झाला, तेव्हा बिंग यांनी त्यांचा करार रद्द केला आणि १९६५ पर्यंत न्यूयॉर्कचे श्रोते त्या गृहात त्यांच्या गायनास मुकले. १९६९ साली कामगार संघटनांशी वाटाघाटी फिसकटल्या आणि सप्टेंबरात सुरू व्हावयाचा हंगाम डिसेंबरअखेरीस सुरू झाला. बिंग यांचा स्वभाव करारी होता, आणि त्या करारीपणाची किंमत संस्थेनेही मोजली, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि कॅलास यांच्यापुढे मिलान, लंडन, पॅरिस अशी थोर रंगपीठे होती. अँडरसन यांना मात्र स्वदेशातील सर्वश्रेष्ठ ऑपेरागृहाने, उभे जग त्यांची वाखाणणी करीत असताना, जन्मभर ताटकळत ठेवले होते. या दोन गोष्टी एकाच तागडीत घालता येत नाहीत.

म्हणून कोणत्याही कलासंस्थेच्या संचालकाचा हिशेब मांडताना, त्याने कोणते मोठे कलावंत आणले याच्याबरोबरच, लायकी असून पूर्वी कोणाला बोलावणेच धाडले गेले नव्हते आणि त्यांतील किती जणांना त्याने बोलावले, ही बाब जमेस धरली पाहिजे. कलावंताच्या उमेदीची वर्षे मोजकी असतात. ती सरण्यापूर्वी बोलावणे पोहोचवणे हे संचालकाचे आद्य कर्तव्य आहे, आणि संचालक नेमणाऱ्या विश्वस्तांनी ही अट नेमणुकीच्या वेळीच घातली पाहिजे.