शत्रूच्या बँकेतलं सोनं कुणाचं?

गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ संपता संपता, युरोपातले नेते ब्रुसेल्समध्ये एका पैशावरून अडून बसले होते. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर २०२२ मध्ये युरोपने रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे २१० अब्ज युरो गोठवले. त्यातले बहुतेक बेल्जियममधल्या युरोक्लिअर या संस्थेत आहेत. या पैशाच्या जोरावर युक्रेनला कर्ज द्यायचं का, हा प्रश्न होता. बेल्जियमचे पंतप्रधान बार्ट डी वेव्हर तयार होईनात. उद्या कोर्टात हरलो तर भरपाई कोण देणार, हा त्यांचा साधा सवाल होता. शेवटी युरोपीय संघाने स्वतः कर्ज काढून युक्रेनला ९० अब्ज युरो द्यायचं ठरवलं. रशियाचा पैसा गोठलेलाच राहिला. तिकडे रशियाने मॉस्कोच्या कोर्टात युरोक्लिअरवर दावाही ठोकला.

रशियाबद्दल कणव म्हणून हे झालं नाही. शत्रूचा पैसा गोठवणं वेगळं, तो ताब्यात घेणं वेगळं आणि त्याचा मालक होणं आणखी वेगळं. पहिलं काम एका रात्रीत होतं. तिसऱ्यासाठी कधी कधी दोन पिढ्या जातात आणि मधल्या काळात भलतीच माणसं चिरडली जातात. गोव्याने हे सगळं बघितलेलं आहे.

पोर्तुगीज अमलात गोव्याचा पैसा म्हणजे बांको नासिओनाल उल्त्रामारिनो. ही बँक लिस्बनमध्ये १८६४ साली निघाली आणि चारच वर्षांनी तिची शाखा गोव्यात आली. नुसत्या ठेवी आणि कर्जं एवढंच तिचं काम नव्हतं. गोव्यातल्या नोटा तीच छापायची, आधी रुपियाच्या आणि १९५९ पासून एस्कुदोच्या. थोडक्यात, सरकारची तिजोरी आणि लोकांची पेढी एकाच छपराखाली. लग्न, आजारपण, परदेशाचं तिकीट, काही निघालं की घरातलं सोनं बँकेत जायचं आणि पैसे हातात यायचे. पाटल्या, बांगड्या, साखळ्या पुडक्यात बांधून, नाव घालून तिजोरीत.

१९६१ च्या अखेरीला भारतीय सैन्य येणार हे दिसायला लागलं, तेव्हा बँकेने सोनं लिस्बनला हलवलं. त्यात लोकांनी गहाण ठेवलेले दागिनेही होते. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. बँकेचा इथला कारभार थांबला आणि तो भारत सरकारच्या हाती आला. पण तोवर तिजोरीतला लोकांचा माल समुद्रापार गेलेला होता. कर्ज इथलं, तारण तिथलं, आणि मध्ये दोन देश, ज्यांचे संबंधच तुटलेले.

इथे मालकीबद्दल शंका घ्यायला काही जागाच नव्हती. दागिना गहाण टाकला म्हणजे तो बँकेचा होत नाही, हे गावातल्या सोनारालाही ठाऊक असतं. कर्ज फेडलं की वस्तू परत. तरीही ते सोनं ३० वर्षं लिस्बनमध्ये राहिलं. सालाझार गेला, १९७४ च्या एप्रिलमध्ये तिथली हुकूमशाही कोसळली, त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोर्तुगालने करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. वकिलाती उघडल्या. दागिने मात्र परत आले ते १९९१ मध्ये. एकसष्ट साली पंचविशीत बांगड्या गहाण टाकलेली बाई तेव्हा पंचावन्नची झालेली होती. जिने नातीच्या लग्नाचा विचार करून ठेवलं असेल, ती बहुधा तोवर नव्हतीच. जिने ठेवलं ती नाही, तर पावती कुणाकडे? पावती आहे, पण त्यावरचं नाव आजीचं. मग हक्क कुठल्या नातवाचा?

पोर्तुगाल आणि भारत यांच्या भांडणात या बायकांचा काही संबंध नव्हता. त्या कुणाच्याच शत्रू नव्हत्या.

शत्रू नक्की कोण, हा घोळ फक्त आपल्याकडेच झाला असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २० ऑक्टोबर १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या युनियन बँकिंग कॉर्पोरेशनचे सगळे ४,००० शेअर ताब्यात घेतले. त्यातले ३,९९१ एका रोलंड हॅरिमनच्या नावावर होते. एकेक शेअर असलेल्या संचालकांत प्रेस्कॉट बुश हेही होते, पुढे ज्यांचा मुलगा आणि नातू दोघं राष्ट्राध्यक्ष झाले ते. कागदावर सगळी अमेरिकन माणसं. मागे मात्र रॉटरडॅमची एक बँक, आणि तिच्या मागे जर्मन पोलादसम्राट फ्रिट्झ थायसन. या थायसनने सुरुवातीला हिटलरला पैसा पुरवला हे खरं. पण १९३९ मध्ये तो हिटलरशी फाटून जर्मनीतून पळाला होता, आणि न्यूयॉर्कमध्ये त्याची बँक शत्रूची म्हणून जप्त होत होती तेव्हा तो स्वतः नाझींच्याच कैदेत होता. सरकारला माणसाच्या मनात शिरता येत नाही, ते कागद बघतं. युद्धात हे चालूनही जातं. प्रश्न येतो युद्ध संपल्यावर, तो कागद कधी फाडायचा याचा.

भारतात हा कागद फाडला गेला नाही.

१९६२ च्या चीन युद्धात बँक ऑफ चायनाच्या मुंबई आणि कोलकात्याच्या शाखा बंद झाल्या. त्याच सुमारास भारतात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या हजारो चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं गेलं. १९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध पेटलं आणि पाकिस्तानी नागरिकांची इथली मालमत्ता, बँका-कंपन्यांसकट, कस्टोडियनकडे गेली. त्यात हबीब बँकेचं उदाहरण मजेशीर आहे. ती निघाली मुंबईतच, १९४१ साली. फाळणीच्या वेळी कराचीला गेली आणि अठरा वर्षांनी आपल्याच जन्मगावी शत्रू ठरली. पाकिस्तानने अर्थातच परतफेड केली. तिकडे भारतीय बँकांच्या ज्या शाखा होत्या त्या तिथल्या कस्टोडियनने घेतल्या. जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारात दोन्ही बाजूंनी घेतलेली मालमत्ता परत करण्यावर बोलणी करू असं लिहिलं गेलं. बोलणी काही पुढे सरकली नाहीत. भारत सरकारच्याच म्हणण्याप्रमाणे पाकिस्तानने १९७१ मध्ये तिकडची मालमत्ता विकून टाकली. तिकडे ज्या भारतीयांचं सगळं गेलं, त्यांना इथल्या सरकारने मंजूर दाव्याच्या २५ टक्के सानुग्रह रक्कम दिली. उरलेलं पाण्यात.

भारताने विकलं नाही, सांभाळून ठेवलं. १९६८ मध्ये शत्रू संपत्ती कायदा झाला आणि मुंबईतल्या बॅलार्ड इस्टेटच्या कैसर-ए-हिंद इमारतीतून कस्टोडियनचं कार्यालय हा पसारा बघू लागलं. तेव्हाची समजूत अशी होती की कस्टोडियन म्हणजे राखणदार. म्हणून २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महमूदाबादच्या राजाच्या मुलाला मालमत्ता परत द्यायला सांगितली. बापाने १९५७ मध्ये पाकिस्तानचं नागरिकत्व घेतलं होतं, पण मुलगा कायम भारतीयच राहिला होता. बाप वारला, वारस भारतीय, मग शत्रू उरला कुठे? सरळ हिशेब.

सरकारला तो पटला नाही. २०१६ मध्ये एकामागून एक पाच अध्यादेश निघाले आणि २०१७ मध्ये कायदाच बदलला, तोही १९६८ पासून लागू असल्यासारखा. आता शत्रूचा वारस भारतीय नागरिक असला तरी त्याला वारसा नाही. शत्रू मेला तरी मालमत्ता शत्रूचीच. दिवाणी कोर्टाचा दरवाजा बंद. संरक्षणाच्या नावाखाली आलेला हा बदल खरं तर तिजोरीच्या हिशेबाचा होता, असं म्हणायला पुढच्या घडामोडी वाव देतात. २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने शत्रू शेअर विकायला मंजुरी दिली. ९९६ कंपन्यांतले साडेसहा कोटी शेअर होते. पुढच्याच वर्षी नुसत्या विप्रोच्या शेअरमधून सुमारे १,१५० कोटी रुपये आले. २०२३ पर्यंत शेअर, सोनं वगैरे विकून ३,४०० कोटींच्या वर रक्कम जमा झाली होती. त्यानंतर पाळी जमिनी आणि घरांची.

याच टप्प्यावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक गोष्ट ठासून सांगितली. लखनौ महापालिकेने शत्रू संपत्तीतल्या एका इमारतीवर कर लावला होता. ही केंद्र सरकारची मालमत्ता, तिला कर लागत नाही, असा युक्तिवाद झाला. न्यायालय म्हणालं, कस्टोडियन विश्वस्त आहे, केंद्र सरकार मालक झालेलं नाही, कर भरावा लागेल. निकाल घरपट्टीचा आहे, पण आतला मुद्दा युरोक्लिअरचाच आहे. ताबा म्हणजे मालकी नव्हे. आता एकीकडे विश्वस्त आणि दुसरीकडे विकण्याचा अधिकार, ही गाठ कशी सुटणार हे न्यायालयालाच पुन्हा कधीतरी बघावं लागेल.

यात आपल्या भागाचा संबंध किती? २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार देशात १२,६११ शत्रू मालमत्ता होत्या. सर्वाधिक उत्तर प्रदेशात, मग बंगालात, मग दिल्लीत. आणि चौथा क्रमांक गोव्याचा, २९५. एवढ्याशा राज्यात. महाराष्ट्र त्याच्या मागे, २०८. तेलंगणा १५८, गुजरात १५१, मध्य प्रदेश ९४, कर्नाटक अवघ्या २४.

गोव्याचा आकडा बघून दचकायला होतं, पण कारण जुनं आहे. गोव्याची माणसं पोटासाठी कराचीला जायची, जशी मुंबईला जायची. कराचीतला गोवेकर समाज एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे. कारकून, शिक्षक, बँडवाले, खानसामे, रेल्वेतली माणसं. त्या लोकांनी फाळणीत घरं सोडली नव्हती. ते तिथेच होते. पुढे काहींनी पाकिस्तानचा पासपोर्ट घेतला. गावातलं घर, भाटातला वाटा तसाच राहिला. ते गेले तेव्हा गोवा भारतात नव्हताच. १९६१ मध्ये गोवा भारतात आला आणि १९६५ मध्ये कराचीतला भाऊ शत्रू झाला.

गोव्यात गुंता आणखी वाढतो तो इथल्या कायद्यामुळे. पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे वेगळा करार नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी अर्धी. वडिलोपार्जित घरात सगळ्या भावंडांचा हिस्सा, मुलींचाही, आणि कितीतरी घरांच्या वाटण्या अजून झालेल्याच नाहीत. अशा घरातला एक भाऊ कराचीत वारला असेल, तर कस्टोडियनकडे किती गेलं? त्याचा हिस्सा, की त्यातलाही अर्धा? म्हापशात किंवा मडगावात राहिलेली त्याची बायको भारतीय असेल तर तिच्या अर्ध्याचं काय? लखनौच्या नवाबांच्या वाड्यांकडे बघून केलेला कायदा बार्देशातल्या चार खोल्यांच्या घराला लावला की हे प्रश्न येणारच. संसदेतल्या चर्चेत नवाब आणि राजे आले. समुद्रावर खानसामा म्हणून गेलेल्याचं घर कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हतं.

राष्ट्राच्या सुरक्षेसाठी शत्रूची बँक बंद करणं, पैसा गोठवणं हे कुठलंही सरकार करणार आणि त्यात चूक काही नाही. पण १९६२ मध्ये बंद झालेल्या बँक ऑफ चायनाला २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पुन्हा परवाना दिला आणि ती मुंबईत परतली. सरकारी मालकीच्या चिनी बँकेचं शत्रुत्व संपू शकतं. कराचीत वारलेल्या गोवेकराच्या इथल्या मुलाचं मात्र नाही, हे कुठल्या तर्कात बसतं ते सरकारने सांगायला हवं.

ज्यांच्या घरी अशी नोटीस येईल त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. मालमत्ता शत्रूची नाहीच, असं म्हणणं असेल तर केंद्र सरकारकडे अर्ज करता येतो. त्या आदेशावर थेट उच्च न्यायालयात अपील करता येतं, गोव्यासाठी ते पर्वरीचं खंडपीठ. त्यासाठी मुदत ६० दिवसांची आहे, सबळ कारण असेल तर आणखी ६०. जुनी विक्रीखतं, इन्व्हेंटरीचे कागद, आजोबा-पणजोबांचे जन्म-मृत्यू दाखले पोर्तुगीजमध्ये असतात आणि त्यांचा अनुवाद करून घ्यायलाच कित्येकदा तेवढे दिवस लागतात.