किटीला गप्प का बसविता?

दूरदर्शनवरील 1985 सालची ‘करमचंद’ ही विनोदी गुप्तहेर-मालिका निव्वळ निर्दोष करमणूक होती, असे तिचे चाहते आजही सांगतात. पंकज कपूर यांच्या अभिनयाविषयी आमची तक्रार नाही. गाजर चघळीत गुन्हेगार हुडकणारा त्यांचा करमचंद आम्हांसही प्रिय आहे. आमचा आक्षेप आहे तो त्या ठरीव हशावर. सहायिका किटीने भाबडी शंका काढावी, करमचंदाने तिला झिडकारून गप्प बसवावे आणि प्रेक्षकांनी खदखदून हसावे!

न्यायालयात उलटतपासणी तरी दुसरे काय असते? अशाच एखाद्या भाबड्या प्रश्नाने भक्कम भासणारा पुरावा ढासळतो आणि निरपराध माणूस सुटतो. महाजनांच्या सभेत हिशेब विचारणाऱ्यासही करमचंदाचेच उत्तर मिळते. तेव्हा मात्र आम्हांला हसू येत नाही.